बाबा ७१ वर्षांचे आहेत, एवढ्यावरून आशा सोडायची का?

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार, लालबागहून लिहितेय. माझे बाबा ७१ वर्षांचे, बेस्टमधून रिटायर झालेत. मागच्या आठवड्यात चाळीच्या जिन्यात पाय सरकून पडले, डोकं मागून आपटलं पण शुद्ध गेली नाही, स्वतः उठून तिसऱ्या मजल्यावर चढून आले, चहा घेतला, जेवलेसुद्धा. रात्री डोकं दुखतंय म्हणाले म्हणून साधी गोळी दिली. सकाळी उठवायला गेले तर उठेनात. हॉस्पिटलमध्ये सीटी काढला, मेंदूवर रक्त साचलंय म्हणाले आणि लगेच ऑपरेशन केलं. आज सहावा दिवस, अजून व्हेंटिलेटरवर आहेत. तीन वर्षांपूर्वी ॲन्जिओप्लास्टी झाली तेव्हापासून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू होत्या. तिथले एक डॉक्टर म्हणाले वय बघता फार आशा ठेवू नका. शेजारच्या बेडवर २४ वर्षांचा मुलगा आहे, बाईकवरून पडलेला, त्याला मात्र सगळे म्हणतात तरुण आहे, निघेल यातून. दादा म्हणतो वय झालंय बाबांचं, कशाला हाल करायचे, घरी नेऊ. आई काहीच बोलत नाही. भाच्याने मोबाईलवर कसलातरी हिशोब करून आकडा दाखवला, तो बघून रात्रभर डोळा लागला नाही. कागदावर ई २, व्ही टी, एम ५ असं लिहिलंय, म्हणजे काय? सगळं वयावरच असतं का? आणि त्या रात्रीच नेलं असतं तर? शुक्रवारी डॉक्टर घरच्यांना बोलावणार आहेत, गळ्याला भोक पाडून नळी घालायची का ते विचारायला.

उत्तर:

तुला तू म्हणते, चालेल ना. मी महापालिकेच्या हॉस्पिटलात न्यूरोच्या आयसीयूमध्ये सिस्टर होते, आता रिटायर आहे, तुझ्या पत्रात जे जे आहे ते सगळं मी कॉटपाशी उभं राहून बघितलंय. पण बाबांना मी तपासलेलं नाही, सीटी बघितलेला नाही, म्हणून ते यातून उठतील की नाही हे मी सांगणार नाही. एक गोष्ट मात्र आधी सांगते, ती दादालाही वाचून दाखव, की डोक्याला मार लागलेल्या पेशंटमध्ये वय ही खरंच मोठी गोष्ट आहे, डॉक्टर खोटं बोलले नाहीत, पण नुसतं वय बघून घरच्यांनी निर्णय घ्यायचा नसतो, आणि आजच्या आज तर तुम्हाला कुठलाच निर्णय घ्यायचा नाहीये. शुक्रवारी जे विचारतायत ते नळीचं, आणि नळी घातली म्हणजे आता कायमचं असंच, असं नसतं. त्यावर खाली बोलते.

आधी कागदावरचं बघू, कारण माझ्या मते तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाची ओळ तीच आहे आणि तीच तू शेवटी लिहिलीयेस. ही ग्लासगो कोमा स्केल, १९७४ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी बनवली, आता जगभर सगळीकडे हीच वापरतात. ई म्हणजे डोळे, त्याचे ४ मार्क, व्ही म्हणजे बोलणं, त्याचे ५, आणि एम म्हणजे हातापायाची हालचाल, त्याचे ६. सगळे मिळून १५, आणि अगदी काहीच प्रतिसाद नसला तरी ३ मिळतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य मार, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. बाबांचं ई २ म्हणजे दाबल्यावर, दुखवल्यावर डोळे उघडतात, आपणहून किंवा हाक मारल्यावर अजून उघडत नाहीत. व्ही टी म्हणजे तोंडातून नळी असल्यामुळे बोलणं मोजताच येत नाही, मार्क शून्य असा त्याचा अर्थ नाही. आणि एम ५ म्हणजे कुठे दुखवलं तर हात बरोबर त्या जागी नेतात, डॉक्टरांचा हात बाजूला सारायला बघतात. अगं हे ५ आहे, ६ म्हणजे सांगितलेलं ऐकून करणं, त्याच्या एकच पायरी खाली. या तिन्हीत एमचा आकडाच सगळ्यात जास्त सांगून जातो असं डॉक्टर मानतात. मी असं म्हणत नाहीये की आता सगळं ठीक होणार, पण सहाव्या दिवशी ७१ वर्षांच्या माणसाचं एम ५ असेल तर ‘काही उरलं नाही’ असं कुणी म्हणू नये. शुक्रवारी पहिला प्रश्न हाच विचार, की ऑपरेशनच्या आधी एम किती होता, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किती आणि आज किती, आणि हा आजचा आकडा झोपेचं औषध चालू असताना घेतलाय की बंद करून. सेडेशन चालू असेल तर आकडा कमीच दिसतो, आणि म्हाताऱ्या माणसांच्या अंगातून ही औषधं जायलाही जास्त वेळ लागतो, किडनी आणि लिव्हर हळू चालतात ना.

आता वयाचं. सावकाश वाच, आकडे आहेत आणि ते सोपे नाहीत, पण भाच्याने दाखवलेल्या एका आकड्यापेक्षा हे पूर्ण कळलेलं बरं. २००३ मध्ये डोक्याला गंभीर मार लागलेल्या ५,६०० पेशंटांची माहिती एकत्र करून वयाचा किती फरक पडतो ते बघितलं होतं. सहा महिन्यांनी काय दिसलं, तर ३५ वर्षांखालच्यात शंभरातले २१ गेलेले, आणि ५५ च्या वरच्यात शंभरातले ५२. खूप मोठा फरक आहे, अडीच पट. त्यात पुढचा भागही सांगायला हवा, म्हणजे जे गेले ते आणि जे जगले पण पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून राहिले ते असे दोन्ही मिळून धरले तर ३५ खालच्यात शंभरात ३९ आणि ५५ वरच्यात ७४. याचा अर्थ ५५ च्या वरचे शंभर पेशंट असतील तर साधारण २६ जण आपलं आपण करण्याइतके झाले, २२ जण जगले पण कुणीतरी करावं लागतं, आणि बाकीचे गेले. तुझ्या दादाला ५२ दिसतात, तुला २६ दिसतात, दोघंही बरोबर आहात. आणि हे सगळे जुने पेशंट, तेव्हाचे आयसीयू आणि आताचे यात फरक आहे तोही धर. शिवाय साठ लागले, सत्तर लागले की एकदम दार बंद होतं असं त्यात कुठे दिसलं नाही, दर दहा वर्षांनी धोका चढत जातो, जिन्यासारखा नाही, सलग. म्हणून ‘सत्तरीच्या वर झाले ना मग संपलं’ या बोलण्याला काही आधार नाही.

आणि वय म्हणजे नुसता आकडा नाही गं, वयाच्या आत बऱ्याच गोष्टी दडलेल्या असतात, त्या वेगळ्या करून बघितल्या की बाबांचं चित्र जास्त स्पष्ट होईल. पहिली म्हणजे मेंदू वयाबरोबर थोडा आक्रसतो, कवटी तेवढीच राहते. सुक्या नारळात खोबऱ्याचा गोटा करवंटीपासून सुटून आत हलतो ना, तसं काहीसं. मेंदूवरून वरच्या पडद्याकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात आणि तरुण माणसाला ज्या पडण्याने नुसतं टेंगूळ येईल तेवढ्यानेच त्या तुटतात. रक्त हळूहळू साचतं. आणि आत मोकळी जागा असल्याने सुरुवातीला दाबच पडत नाही, माणूस बोलतो, जेवतो, जिना चढतो. तुझे बाबा चढले तसे. जागा भरली की मग अचानक सगळं एकदम होतं. म्हाताऱ्या पेशंटांमध्ये आत मार मोठा असून सुरुवातीचा ग्लासगोचा आकडा चांगला दिसतो तो याच कारणाने.

दुसरं, त्या दोन गोळ्या. ॲन्जिओप्लास्टीनंतर बहुतेक ॲस्पिरीन आणि क्लोपिडोग्रेल देतात, डबीवर बघून घे. या रक्तातल्या प्लेटलेट्सना कामच करू देत नाहीत आणि गोळी बंद केली तरी परिणाम पाच ते सात दिवस राहतो, लगेच उलटवायचं असं चटकन औषध नाही. ज्यांना वॉरफरीन ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू असते त्यांना व्हिटॅमिन के आणि रक्त गोठायचे घटक देऊन निदान उलटवता तरी येतं. म्हणजे बाबांच्या डोक्यात जे रक्त साचलं ते ७१ वर्षांमुळे थोडं आणि गोळ्यांमुळे थोडं. पण त्या गोळ्या द्यायलाच हव्या होत्या, स्टेंट टाकल्यावर त्या न देणं जास्त धोक्याचं, तेव्हा त्यावरून त्या हार्टच्या डॉक्टरांना दोष देऊ नकोस.

तिसरी गोष्ट बाकीचं शरीर. पहिले दोन-तीन दिवस पेशंट जातो तो मेंदूवरच्या दाबामुळे. तिथून पुढे निघाला की नंतरची भीती मेंदूपेक्षा छातीची जास्त, न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, किडनी, सोडियम खाली येणं, पायात रक्ताची गुठळी. जी वयस्कर माणसं हॉस्पिटलात दगावतात त्यातली बरीच या दुसऱ्या टप्प्यात दगावतात, आणि हा टप्पा असा आहे की इथे नर्सिंगने खरोखर फरक पडतो. डोक्याकडची बाजू साधारण ३० डिग्री वर आहे का, दर दोन तासांनी कूस बदलतायत का, तोंड स्वच्छ करतायत का, सक्शन म्हणजे नळीतला कफ खेचून काढणं, छातीचा फिजिओ, हे सगळं. आपल्या सरकारी आणि महापालिकेच्या हॉस्पिटलांत एका सिस्टरकडे जेवढे पेशंट असायला हवेत त्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, त्या जीव तोडून करतात, तरी तू किंवा दादा भेटायच्या वेळेत गेलात तर गोड बोलून विचारा की आम्ही काही मदत करू का, हातापायाचे व्यायाम दाखवाल का, टाचांना आणि कमरेला लाल झालंय का बघू का. त्याचा कुणाला राग येत नाही. भांडून विचारलं तर येतो.

आणि चौथी गोष्ट, जी कॅल्क्युलेटरला माहीतच नसते, की पडायच्या आधल्या दिवशी तुझे बाबा कसे होते. रोज तीन मजले चढत होते, म्हणजे बाजार, भाजी, हे सगळं स्वतः करत असणार. ७१ वर्षांचा चालता-फिरता माणूस आणि ७१ वर्षांचा आधीपासून अंथरुणाला खिळलेला माणूस यांचं वय कागदावर सारखंच दिसतं, पण झीज सोसायची ताकद सारखी नसते. हे डॉक्टरांना आपणहून सांग. खरंच सांग, कारण बेशुद्ध पडलेला, केस काढलेला, नळ्या लावलेला माणूस सगळ्यांना खूप म्हातारा दिसतो, आणि ड्युटी बदलली की नवीन डॉक्टरला फाईलवर फक्त ७१ दिसतं. बाबांचा एखादा अलीकडचा फोटो कॉटच्या डोक्याशी लावायला सिस्टर परवानगी देतात का विचार, मी असताना देत होतो.

भाच्याने जे केलं त्याबद्दल. त्याला रागावू नकोस, पोरगं काळजीनेच करतंय. मला वाटतं त्याने क्रॅश नावाच्या अभ्यासावरचा हिशोब भरला असणार, तो नेटवर कुणालाही मिळतो. तो १०,००० वर पेशंटांच्या माहितीवरून बनवलाय, चांगलाच आहे, पण तो काय विचारतो बघ. वय, ग्लासगो, बाहुल्या उजेडाला आकसतात का, अंगाला दुसरीकडे मोठी इजा आहे का, आणि असेल तर सीटीत काय दिसलं. आणि हे सगळं दाखल झाल्या वेळचं. म्हणजे बाबा सकाळी उठत नव्हते तेव्हाचं. ऑपरेशन झालं, त्यातून ते बाहेर आले, सहा दिवस काढले, आता हात नेमका दुखऱ्या जागी नेतायत, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. आणि शंभर लोकांतले सत्तर असं लिहून येतं तेव्हा बाबा त्या सत्तरात की तीसात हे कुठलंही मशीन सांगत नाही.

अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते आणि जी घरच्यांना कुणी समजावून सांगत नाही. समजा सगळ्यांनी आधीच ठरवलं की वय जास्त आहे, वाचणार नाही, म्हणून ऑपरेशनला उशीर केला, आयसीयूचा बेड तरुणाला दिला, व्हेंटिलेटर लवकर काढला, तर तो पेशंट जाणारच, आणि मग पुढच्या आकड्यात अजून एक भर पडते की बघा, या वयाचे वाचत नाहीत. म्हणून जगभरात मेंदूच्या आयसीयूवाल्या डॉक्टरांच्या संघटनाच सांगतात की खूप गंभीर मार असला तरी निदान पहिले ७२ तास तरी ‘आता थांबवू’ असा निर्णय घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांनी तर वेळ न दवडता ऑपरेशन केलंय. सीटीत रक्ताचा थर १० मिलिमीटरच्या वर असेल किंवा मेंदू मधल्या रेषेपासून ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर ऑपरेशन करायचं असा नियम आहे, पण ७१ वर्षांचा, रक्त पातळ असलेला पेशंट टेबलवर घेणं सोपं नसतं गं. त्यांनी वयामुळे हात वर केले नाहीत. ‘आशा ठेवू नका’ हे वाक्य त्यांनी वाईट शब्दांत सांगितलं, पण काम आशेनेच केलंय, हे लक्षात घे आणि त्यांच्याबद्दल मनात अढी ठेवून शुक्रवारी जाऊ नकोस.

शेजारच्या मुलाशी तुलना करणं थांबव. तरुण मेंदू कवटीत घट्ट भरलेला असतो, सुजला की जायला जागा नसते, दाब भराभर चढतो. आणि बाईकच्या वेगात मेंदूच्या आतले धागेच ताणले जाऊन तुटतात, सीटीत काहीच दिसत नाही आणि पोरगं आठवडेच्या आठवडे जागं होत नाही. वयाने त्याचे चान्स जास्त आहेत हे खरं, पण त्याच्या आईलाही रात्री झोप लागत नसणार. भेटलात की बोला एकमेकींशी. आपल्याकडे आयसीयूच्या बाहेरच्या त्या बाकड्यांवर खरा आधार असाच मिळतो. मुंबईत डोक्याला मार लागून येणाऱ्यांत तरुण पुरुष खूप, रस्त्यावरचे, लोकलमधून पडलेले, बांधकामावरून पडलेले, त्यामुळे आपल्या डॉक्टरांचे डोळे तरुण पेशंटला सरावलेले असतात. युरोपात उलटं होत चाललंय, तिकडे १८ देशांत मिळून साडेचार हजार पेशंट बघितले तर नुसते पडून आलेले खूप होते, आणि सगळ्यांचं मधलं वय पन्नास. आपल्याकडेही आता चाळीतून, सोसायटीतून आजी-आजोबाच जास्त येताना दिसतायत. तुझे बाबा काही अपवाद नाहीत.

त्या रात्रीचं. यावर मी तुला गोड गोड बोलणार नाही. ६५ च्या वरचा माणूस डोक्यावर पडला, त्यातून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तर तो कितीही ठीक दिसला तरी सीटी काढायचा असतो, हे आम्ही शिकलेलं आहे. तुला हे कुणी सांगितलं होतं का? गोळ्या लिहून दिल्या तेव्हा कुणी सांगितलं का की हे पडले तर लगेच आणा? बहुतेक नाही. चहा पिणारा, जेवणारा, चालणारा माणूस बघून रात्री दहा वाजता परळला हॉस्पिटलात घेऊन जाऊ असं घरातल्या कुणालाच वाटत नाही, मला सिस्टर नसते तर वाटलं नसतं. आणि त्या रात्री नेलं असतं तर नक्की वेगळं झालं असतं का, तेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कधीकधी पहिला सीटी साफ येतो आणि रक्त नंतर साचतं. तू सकाळी उठवायला गेलीस, उठेनात म्हणताच हलवलंस, म्हणून आज ते एम ५ आहेत.

आता शुक्रवार. गळ्यातली नळी, ट्रॅकिओस्टॉमी. नाव ऐकूनच घरचे घाबरतात कारण वाटतं आता कायमचं मशीन. खरं म्हणजे तोंडातली नळी फार दिवस ठेवली तर घशाला, स्वरयंत्राला इजा होते, कफ नीट काढता येत नाही, आणि ती सहन व्हावी म्हणून झोपेचं औषध चालू ठेवावं लागतं. गळ्यातली नळी आली की बऱ्याचदा सेडेशन कमी करता येतं, व्हेंटिलेटर हळूहळू काढता येतो, आणि माणूस खरा किती जागा आहे ते कळतं. पुढे सुधारला की नळी काढतात, भोक आपोआप बुजतं. म्हणून माझं वैयक्तिक मत विचारशील तर एम ५ असलेल्या पेशंटला मी हो म्हणेन. पण हो म्हणताना एक गोष्ट जोडून विचार, की डॉक्टर, आपण किती दिवस बघायचं, दोन आठवड्यांनी काय दिसलं तर चांगलं म्हणायचं आणि काय दिसलं तर आपण परत बोलायचं. तारीख ठरवून घ्या. त्याने दादालाही बरं वाटेल, त्याला भीती ही आहे की आता कधीच कुणी थांबणार नाही.

दादा वाईट नाहीये हं. जो ‘हाल नको’ म्हणतो तो बाबांवर कमी प्रेम करतो असं नसतं, आणि त्याचा प्रश्न खरा आहे, कारण हॉस्पिटलातून जिवंत बाहेर येणं आणि पुन्हा बाबा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ मध्ये परदेशात एक मोठी ट्रायल झाली, दाब काही केल्या उतरत नाही अशा पेशंटांची कवटीचा तुकडा काढून ठेवायची. त्यात जाणाऱ्यांचं प्रमाण ४९ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आलं, पण जे जास्तीचे वाचले त्यातले बरेच दुसऱ्यावर अवलंबून राहिले, काही तर नुसते डोळे उघडे, बाकी काही नाही. म्हणून दादाशी वयावरून भांडू नकोस, वेगळं विचार. बाबा बोलू शकत असते तर काय म्हणाले असते? कधी कुणाचं आजारपण बघून काही म्हणाले होते का? व्हीलचेअरवर पण माणसं ओळखतायत, नातवंडांशी बोलतायत, हे त्यांना चाललं असतं का? काहींना चालतं, काहींना अजिबात नाही, ते त्यांच्या स्वभावावर आहे. आणि हे आईला विचार. ती बोलत नाही कारण तुम्ही दोघं तिच्यासमोर भांडताय. तिला एकटीला घेऊन बस, चहा दे, आणि नुसतं विचार की बाबांना काय हवं असतं गं. त्यांच्या मनातलं तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार आहे?

‘घरी नेऊ’ याबद्दल मात्र स्पष्ट सांगते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला सही करून घरी नेणं म्हणजे श्वास कोंडून, औषधाशिवाय, चाळीच्या खोलीत. त्याला हाल थांबवणं म्हणत नाहीत. पुढे कधी खरंच सगळ्यांचं आणि डॉक्टरांचं मत झालं की आता उपयोग नाही, तर त्याचा रीतसर रस्ता आहे, सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये तो मान्य केला आणि २०२३ मध्ये थोडा सोपा केला, डॉक्टरांची दोन मंडळं बघतात, घरच्यांची संमती घेतात, आणि दुखणं-घुसमट होऊ नये याची औषधं देत देत करतात. आज तुम्ही तिथे नाही आहात. पण असं काही असतं हे दादाला कळलं की त्याचा जीव थोडा खाली पडेल.

दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं मनात आलं असेल तर सध्या नको. या अवस्थेत ॲम्ब्युलन्समधून नेताना बीपी पडलं किंवा ऑक्सिजन कमी झाला तर मेंदूला दुसऱ्यांदा मार बसतो, आणि त्यातून वयस्कर मेंदू कमी सावरतो. दुसरं मत हवं असेल तर सीटीची सीडी आणि कागदांचे फोटो घेऊन दाखवता येतं, पेशंट जागेवरच राहू दे. आणि कुणी ‘मेंदूच्या ताकदीचं इंजेक्शन’ बाहेरून आणायला सांगितलं तर आधी विचार की कुठलं. सिटिकोलिन असेल तर २०१२ मध्ये अमेरिकेत १,२१३ पेशंटांवर ते देऊन बघितलं होतं, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ डोसपेक्षा काही फरक पडला नाही. स्टिरॉइडने तर जास्त लोक गेले, ते २००४ मध्येच सिद्ध झालंय. दागिने मोडून असलं काही आणू नका. त्या पैशांची गरज पुढे लागेल, भाड्याचा बेड, सक्शन मशीन, फिजिओ, दिवसाचा माणूस. हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असतो, उद्याच जा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, महात्मा फुले योजनेत काय बसतं आणि कुठल्या ट्रस्टची मदत मिळते ते त्यांना पाठ असतं.

जागे व्हायला लागले की काय होतं तेही सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाही. वयस्कर माणसं सरळ डोळे उघडून तुझं नाव घेत नाहीत. आधी बडबडतात, नळ्या ओढतात, रात्री जास्त करतात, कधी शिव्यासुद्धा देतात, बेस्टच्या डेपोत आहोत असं समजून हुकूम सोडतात. सिस्टर हात बांधून ठेवतात, ते बघवत नाही. याला डिलिरिअम म्हणतात, वेड नाही, बहुतेकांचं उतरतं. चष्मा द्या, कानाचं मशीन असेल तर लावा, आज कुठला वार, सकाळ की रात्र हे सांगत राहा, ओळखीच्या आवाजात. सुधारणा आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजायची, तरुणांपेक्षा हळू असते पण असते.

आणि आईलाही बीपीच्या किंवा हार्टच्या गोळ्या चालू असतील तर आजच त्यात रक्त पातळ करायची आहे का बघून ठेव. डबीवर स्केचपेनने लिही, ‘पडल्यास लगेच सीटी’. जिन्यातला बल्ब बदलून घ्या, चाळीच्या कमिटीला सांगून कठडा पक्का करून घ्या. शुक्रवारी काय म्हणाले ते मला कळव, एमचा आकडा लिहायला विसरू नकोस.